सरळ केलेली पाटी

संध्याकाळी पाचच्या आत चव्वेचाळीस किलोमीटर! दोन डोंगर, एक खिंड, एक दरी आणि शेवटी तळ्याकाठी उभारलेली कमान. यंदा काहीही करून त्या कमानीखालून पायी जायचं, एवढाच काटकोनचा निश्चय होता. मागच्या दोन्ही वर्षी तो तिच्याखालून गेला होता. पण जीपच्या मागच्या बाकावर बसून, गुडघ्यांवर ओला टॉवेल टाकून. तसलं जाणं कुणी धरत नाही.

काटकोन हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. तसबिरींना चौकटी करून देण्याचं त्याचं दुकान होतं आणि जगात काही वाकडं दिसलं की त्याच्या पोटात कळ यायची. कुणाच्या घरी गेला की पाणी पिण्याआधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचा. एकदा दाताच्या दवाखान्यात अर्धा जबडा बधिर असताना हा पठ्ठ्या खुर्चीतून उठला आणि डॉक्टरीणबाईंचं पदवीपत्र सरळ करून परत आ वासून बसला. किल्ल्यांच्या जुडग्यात त्याने पातळी पाहायची बोटभर लांबीची पाणसळ अडकवून ठेवली होती. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की त्याला शांत झोप लागायची.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रक्ताची तपासणी झाली आणि त्या शांत झोपेचं खोबरं झालं. वैद्यकीय भाषेत जे काही लिहून आलं होतं त्याचा मराठी अर्थ एवढाच होता, की बाबा रे, ऊठ आणि हल. तो हलला. आधी चालला, मग धावला, मग डोंगर चढू लागला. तीन वर्षं पहाटे उठला, उकडलेल्या भाज्या खाल्ल्या, पायांना बर्फ लावला. आणि तीन वर्षांत वजन किती उतरलं? चार किलो! "एवढे तर तुमचे केसच गळले असतील," असं बायको म्हणाली, तेव्हा तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

या शर्यतीत तिघांचा गट लागे. तिघांनी शेवटपर्यंत एकत्र राहायचं, चारही चौक्यांवर वेळेत हजेरी लावायची. एक मागे राहिला तर तिघेही बाद. काटकोनच्या गटात त्याचा मेहुणा होता, बेकरीवाला; कणीक मळून मळून त्याचे दंड दगडासारखे झाले होते आणि तोंड कधी बंद नसे. तिसऱ्या त्याच दातांच्या डॉक्टरीणबाई. सत्तेचाळीस वर्षांच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. पहिल्या वर्षी दुसऱ्या चौकीवर हे तिघे दहा मिनिटं उशिरा पोचले. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या चौकीवर चार मिनिटं. दोन्ही वेळा उशीर काटकोनच्या पायांमुळे झाला होता. हे दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि त्याचाच त्याला जास्त राग यायचा.

पहाटे पाचला शिट्टी झाली आणि सत्तावीस गट जंगलात घुसले.

पहिला डोंगर बरा गेला. म्हणजे दर वर्षी जसा जातो तसाच, नाकी नऊ आणत गेला. चढ लागला की काटकोनचा श्वास आधी वर पोचायचा आणि पाय मागून यायचे. चढावर त्याला कधीच पळता आलं नव्हतं. कशासाठी उकडलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या? कशासाठी? निळी टोपी घातलेला एक साठीचा गृहस्थ शीळ घालत त्याच्या बाजूने पुढे गेला, तेव्हा तर त्या शिळेसकट त्याला दरीत ढकलावंसं वाटलं.

"भावजी, तोंडाने श्वास घेऊ नका," बेकरीवाला वरून ओरडला.

"मग काय कानाने घेऊ?"

आठच्या सुमाराला ओढा आडवा आला. वरच्या बाजूला रात्री पाऊस झाला असावा, कारण गुडघाभर पाण्याच्या ठिकाणी आता कमरेइतकं पाणी खळाळत होतं. आयोजकांनी दोर बांधला होता. डॉक्टरीणबाई गेल्या. बेकरीवाला गेला. काटकोन मधोमध पोचला आणि पायाखालचा धोंडा गडगडला! क्षणात तो आडवा झाला. नाकातोंडात पाणी. एका हातात दोर, दुसरा हात मोकळा. प्रवाह पाय खेचत होता. बेकरीवाल्याने पाण्यात उडी घेतली, त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरला आणि कणकेचा गोळा फळीवर आपटावा तसा त्याला काठावर आपटला.

"आ करा," डॉक्टरीणबाई सवयीने म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या ओठाची जखम पाहिली. "दात शाबूत आहेत. चला."

दुसऱ्या चौकीवर ते सव्वादहाला पोचले. तब्बल पस्तीस मिनिटं हातात होती! काटकोनचे बूट पचपचत होते, अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं, पण पहिल्यांदाच हिशेब त्याच्या बाजूने होता. आणखी आठ गट मागे होते. खिंड ओलांडायची, दरीत उतरायचं, दोनच्या आत तिसरी चौकी गाठायची. मग उरतात फक्त नऊ किलोमीटर, तेही बहुतेक सपाट. त्याने ते नऊ किलोमीटर मनातल्या मनात दहा वेळा पळून काढले.

खिंडीच्या माथ्यावर तो पहिल्यांदाच इतरांच्या पुढे होता. डॉक्टरीणबाई झऱ्यावर बाटल्या भरत होत्या, बेकरीवाला बुटातला खडा काढत बसला होता. काटकोन एकटाच पुढच्या फाट्यावर आला. डोंगराच्या उजव्या अंगाला दोन वाटा फुटत होत्या. एक आडवी, कड्याच्या पोटातून गेलेली, रुंद आणि मळलेली. दुसरी तिच्याच खालून, उंच गवतातून दरीकडे घसरलेली. इतकी बारीक, की पाहणाऱ्याला सहज दिसू नये. आणि फाट्यावर खांबाला बांधलेली बाणाची पाटी तिरकी होती!

चांगलीच तिरकी. बाणाचं टोक खाली लोंबल्यासारखं. तारेची गाठ सैल पडून सरकली असणार, काटकोनने मनाशी ठरवलं. असं काम करतात लोक! एवढी मोठी शर्यत आणि पाटी साधी धड बांधता येत नाही? त्याने दगड घेतला, तार आवळली, पाटी वर उचलली, किल्ल्यांचं जुडगं काढून पाणसळ तिच्या कडेवर ठेवली. बुडबुडा डावीकडे. थोडी अजून. बुडबुडा मधोमध. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

मागून दोघे आले. बाण आडव्या वाटेकडे रोखलेला होता. तिघेही आडव्या वाटेने निघाले.

वाट सुरुवातीला फार सोयीची होती. मग ती अरुंद झाली, मग वितभर उरली. पुढे घसारा लागला: वरून खालपर्यंत ओघळलेले सुटे दगड, आणि खाली सरळ तुटलेला कडा. पाय ठेवला की दगड सुटायचे आणि ते खाली पडल्याचा आवाज फार उशिरा यायचा. तिघे पोटावर झोपून, बोटं रुतवून, कोळ्यासारखे तो तीस पावलांचा पट्टा ओलांडून गेले. पलीकडे पोचल्यावर बेकरीवाला चक्क गप्प होता.

"मागच्या वर्षी हे नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दर वर्षी वाट बदलतात," काटकोन म्हणाला. "अवघड करतात मुद्दाम. त्याचेच पैसे घेतात."

घसाऱ्यापुढे वाट खाली उतरू लागली. उतरली, उतरली, आणखी उतरली. एका पाण्याच्या कुंडापाशी येऊन ती संपली. पुढे नुसती झाडी. शर्यतीच्या वाटेवर खुणेला बांधतात ती लाल फीत नाही, पावलांचा ठसा नाही, शिळेचा आवाज नाही. घड्याळात साडेबारा वाजले होते.

"फाट्यापासून एकही फीत दिसलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फाट्यावर पाटी तुम्ही नीट पाहिलीत ना?"

"पाहिली म्हणजे? सरळ केली!"

काठावरच्या एका बेडकाने कुंडात उडी मारली.

"सरळ केली म्हणजे?" बेकरीवाल्याने फार हळू विचारलं.

काटकोनच्या डोळ्यांसमोर फाटा आला. आडवी वाट. तिच्या खालची, गवतातून घसरलेली वाट. आणि त्या खालच्या वाटेकडेच बोट दाखवणारी, मुद्दाम, विचार करून, तिरकी बांधलेली ती पाटी. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"भावजी!" बेकरीवाला उसळला. "जगात सगळं सरळ करायचा ठेका घेतलाय का तुम्ही? माझ्या लग्नात फोटोवाल्याचा कॅमेरा सरळ केलात, बोललो नाही! बेकरीची पाटी तीनदा उतरवलीत, बोललो नाही! जित्याची खोड! तीन वर्षं पहाटे भट्टी पेटवून मी डोंगर चढतोय, ते याच्यासाठी?"

काटकोन एका दगडावर बसला आणि त्याला भयंकर राग आला. पाटीचा, पायांचा, त्या बुडबुड्याचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

डॉक्टरीणबाईंनी नकाशा पसरला होता. त्यांचं बोट कुंडापासून खाली सरकत गेलं. "कुंडातून निघणाऱ्या ओढ्याच्या पात्रातून उतरलो तर तिसरी चौकी सव्वा तासावर आहे. दोनला दहा कमी असताना पोचू. हजेरी चौकीवरच लागते. कुठून आलात हे कुणी विचारत नाही."

बेकरीवाल्याचा चेहरा उजळला. "मग बसलाय काय? उठा!"

काटकोन उठला. पाच पावलं खालच्या दिशेने गेलाही. पाणी थंड होतं, पात्र मोकळं होतं, दोनला दहा कमी! आणि मग तो थांबला.

"आपल्या मागे आठ गट होते."

त्याने वर, आलेल्या वाटेकडे पाहिलं.

"पाटी अजून सरळच आहे," तो म्हणाला.

"आयोजक बघतील," बेकरीवाला म्हणाला. "कुणाच्या तरी लक्षात येईल."

"आपल्या आलं? तो घसारा आठवतोय ना तुला? फोन लावून बघ."

फोन लागत नव्हता. लागणारच नव्हता, दरीत कुठला लागायला!

"तुम्ही दोघे खाली जा," काटकोन म्हणाला. "मी परत जातो."

"तिघे नसलो तर हजेरी लागत नाही, हे माहीत आहे तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मलाही एकदा पूर्ण करायची होती ही शर्यत. मी कुणाला सांगत नाही म्हणून मला वाटत नाही असं नाही." त्यांनी नकाशाची घडी घातली, चुकीच्या घडीवर, आणि तशीच पिशवीत कोंबली. "दुसऱ्याला म्हणायचीही सोय नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. चला वर."

काटकोन वळला आणि चढाला लागला. डोक्यात राग मावत नव्हता. मूर्ख! मूर्ख माणूस! आठ गट म्हणजे चोवीस माणसं, आणि त्यातल्या एकाचा जरी पाय सुटला तर? तो पुढे झाला. मागून बेकरीवाल्याची बडबड ऐकू येत होती, मग ती अस्पष्ट झाली, मग ऐकू येईनाशी झाली. झाडी मागे पडली. उघडा डोंगर आला. काटकोन मान खाली घालून जात राहिला.

आणि तेवढ्यात शिट्टी! तीन लहान फुंका. थांबून पुन्हा तीन. मदतीची खूण!

घसाऱ्याच्या पलीकडच्या काठावर एक नवरा-बायको एकमेकांना धरून उभे होते. पट्ट्याच्या मधोमध, वाटेपासून दहा-बारा फूट खाली, एक बाई पोटावर पडल्या होत्या. एका खुरट्या झुडपात त्यांचा पाय अडकला होता. तेवढं झुडूप सोडलं तर खाली काहीच नव्हतं. तोंडात शिट्टी, केस पिकलेले, चेहरा धुळीने माखलेला. शहरातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. काटकोनने शाळेतल्या गटफोटोंना चौकटी करून दिल्या होत्या.

"पळत येऊ नका!" बाई त्या अवस्थेतही ओरडल्या. "एका वेळी एकच! रांगेत!"

डॉक्टरीणबाई आणि बेकरीवाला धापा टाकत पोचले. तिन्ही पाठपिशव्यांचे पट्टे सोडवले गेले. काटकोनने ते एकमेकांना गाठी मारून जोडले. गाठी त्याला येत होत्या. जड तसबिरी टांगणाऱ्याला गाठ चुकून चालत नाही. बेकरीवाला एका खडकाला टाच लावून बसला, एक टोक त्याने मनगटाला गुंडाळलं. दुसरं टोक काटकोनच्या कमरेला.

"मी हलका आहे," बेकरीवाला म्हणाला. "मी जातो."

"तू ओढू शकतोस. मी नाही. बस तिथेच!"

काटकोन उतरला. दगड सुटले. तो पाठीवर पडून घसरू लागला, पट्टा ताणला, थांबला. पुन्हा एक पाऊल. बाईंच्या हाताला हात लागला. त्याच क्षणी झुडूप मुळासकट निघालं! बाई घसरल्या. काटकोनने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट पकडलं. खांद्यात कळ गेली. वरून बेकरीवाल्याची आरोळी आली. शब्द कळण्यासारखे नव्हते आणि कळले असते तर मुख्याध्यापिकाबाईंसमोर बरे दिसले नसते. पट्टा वितभर वर गेला. आणखी वितभर. डॉक्टरीणबाईंनी मागून बेकरीवाल्याची कंबर धरली होती. दगड, धूळ, कोपरांचं सोलणं. वितभर. वितभर. मग बाईंची बोटं वाटेच्या कडेला लागली आणि चौघे एकमेकांवर कोसळले.

बाईंचा घोटा सुजला होता, बाकी खरचटण्यावर निभावलं. काटकोनने पट्टा कमरेचा सोडला नाही. चौघेही एकेक करून तसेच पट्ट्याला बांधून घसाऱ्यापलीकडे, फाट्याच्या बाजूला, त्या नवरा-बायकोपाशी गेले, बाईंना बेकरीवाल्याने पाठीवर घेतलं आणि अडीचच्या सुमाराला ते सगळे फाट्यावर आले.

आणखी दोन गट तिथे घोटाळत उभे होते. ते आडव्या वाटेने थोडं जाऊन, फीत दिसेना म्हणून परत आले होते. बाकीच्यांना जुनी वाट पाठ होती. काटकोन पाटीपाशी गेला. तार सैल केली, टोक खाली आणलं आणि बांधून टाकलं. वाकडं. दोन पावलं मागे जाऊन त्याने पाहिलं, डोळे मिटले आणि दुसरीकडे तोंड केलं.

तिसऱ्या चौकीवर ते पोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. चौकीचे अधिकारी टेबल आवरत होते. मुख्याध्यापिकाबाईंना जीपमध्ये बसवलं गेलं, घोट्याला पट्टी बांधली गेली. मग अधिकाऱ्यांनी वही उघडली.

"त्या फाट्यावरची पाटी फिरली होती, असं मागून आलेले सांगतात. वाऱ्यानं फिरली असेल. तिथे वारा फार." त्यांनी पेन टेकवलं. "वाराच लिहू ना?"

बेकरीवाला बुटाच्या नाडीकडे पाहत होता. डॉक्टरीणबाई बाटलीतून पाणी प्यायल्यासारखं करत होत्या. बाटली रिकामी होती.

"वारा नाही," काटकोन म्हणाला. "मी फिरवली."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. काटकोनने सगळं सांगितलं, पाणसळीसकट. ते हसतील असं त्याला वाटलं. ते हसले नाहीत.

"वाटेवरच्या खुणेला हात लावणाऱ्याला दोन वर्षं बंदी आहे," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे."

"बाई पडल्या तेव्हा तुम्ही नेमके कुठे होता? लिहावं लागेल."

"कुंडापाशी. साडेबाराला तिथून परत निघालो."

"आणि घसाऱ्यावर किती वाजता पोचलात?"

डॉक्टरीणबाईंनी त्या नवरा-बायकोला विचारून वेळ लक्षात ठेवली होती. "हे पोचले तेव्हा एकला दोन मिनिटं कमी होती. आम्ही नंतर आलो."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "अठ्ठावीस मिनिटांत? तो अखंड चढ आहे. आमची विशीतली मुलं अर्धा तास घेतात. पळत गेलात की काय?"

"मी कसला पळतोय चढावर," काटकोन वैतागून म्हणाला. "मला नाही पळता येत. चाललो असेन भरभर."

"चालत नव्हतात, भावजी," बेकरीवाला म्हणाला. "मी तुमच्या मागे होतो. पहिल्या वळणानंतर तुम्ही मला दिसलाच नाहीत."

काटकोनने खाली पाहिलं. चिखलाने भरलेले बूट, सोललेले गुडघे, तीन वर्षं ज्यांना तो मनात शिव्या देत आला होता ते दोन पाय. त्याचा विश्वास बसेना. बसला, तेव्हा त्याला रडू येईल की काय असं वाटलं आणि म्हणून तो जास्तच खेकसला, "कुठे सही करायची?"

त्यांनी जागा दाखवली. त्याने बंदीच्या कागदावर सही केली.

"नियम आहे, काय करणार," अधिकारी जरा मऊ आवाजात म्हणाले.

"नियम बरोबरच आहे," काटकोन म्हणाला. "म्हणून तर एवढा राग येतोय!"

जीपचं इंजिन सुरू झालं. मुख्याध्यापिकाबाईंनी सरकून मागच्या बाकावर तिघांपुरती जागा केली आणि हाक मारली. अधिकाऱ्यांनी सांगितलं, की कमान पाचला उतरवतात, वेळ कोणी घेणार नाही, पुढचे नऊ किलोमीटर कुठेच लिहिले जाणार नाहीत. काटकोनने ते नीट ऐकून घेतलं. मग त्याने बुटांच्या नाड्या आवळल्या आणि चौकीमागच्या वाटेने पळायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई त्याच्या पाठोपाठ निघाल्या. बेकरीवाल्याने एकदा जीपकडे पाहिलं, एकदा त्या दोघांकडे, आणि नशिबाला शिव्या घालत तोही पळत सुटला.